बीएस्सी फिजिक्सनंतर राजकीय तत्त्वज्ञान आणि परराष्ट्र धोरण : नाशिकमधून सुरुवात कशी करायची

तुम्ही फिजिक्समध्ये बीएस्सी किंवा एमएस्सी करताय, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्याही वेळेवर होतात, पण रात्री हातात येतं ते अणुकरारांबद्दलचं, सीमावादाबद्दलचं, न्यायाबद्दलचं वाचन. हे वळण घेणारे तुम्ही पहिले नाही. परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक सी. राजा मोहन यांची पदव्युत्तर पदवी अणुभौतिकीतली आणि पीएचडी जेएनयूमधून आंतरराष्ट्रीय संबंधांतली. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा १९५२ साली लोकसभेवर निवडून गेले. अणुबॉम्बच्या प्रकल्पातून बाहेर पडलेल्या जोसेफ रॉटब्लॅट यांनी पुढची अनेक दशकं निःशस्त्रीकरणासाठी दिली, आणि १९९५ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि पगवॉश या शास्त्रज्ञांच्या निःशस्त्रीकरण परिषदेला मिळून जाहीर झालं.

वाट लांब आहे, पण चालण्यासारखी आहे. मुलांची एक-दोन वर्षं हकनाक जातात ती बहुतेक वेळा चुकीचा विषय, चुकीचा अर्ज किंवा चुकीच्या नमुन्यातला दाखला यापायी. म्हणून क्रमाने जाऊ.

१. पदवी शोधण्याआधी प्रश्न ठरवा

राजकीय तत्त्वज्ञान आणि परराष्ट्र धोरण ही नावं एका दमात घेतली जातात, पण दोन्हींतलं रोजचं काम वेगळं असतं. तत्त्वज्ञानात काय योग्य आहे आणि का, यावर युक्तिवाद करायचा असतो. धोरणाच्या अभ्यासात एखाद्या सरकारने अमुक वेळी अमुकच निर्णय का घेतला, त्याच्यापुढे दुसरे पर्याय कोणते होते, हे कागदपत्रांवरून शोधायचं असतं.

फरक समजायला लांब जायला नको. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. रूढीने चालत आलेल्या अधिकाराला कायद्याने संरक्षण द्यावं का? अन्याय्य नियम मोडणं केव्हा योग्य ठरतं? समता मागायची ती कुणाकडे? हे सगळे तत्त्वज्ञानाचे प्रश्न. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. इतका मोठा वैचारिक प्रवास आपल्याच जिल्ह्यात घडलेला असताना सुरुवात परक्या उदाहरणांनी करण्याचं काही कारण नाही. आणि लासलगावचा कांदा बांगलादेशाला जायचा की नाही, हे दिल्लीत ठरतं तेव्हा तो परराष्ट्र धोरणाचा विषय होतो.

पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज मनात आलेला एक प्रश्न एकाच वाक्यात लिहा. शेवटी वही उघडा आणि ज्या प्रश्नावर दोनशे पानं वाचायची तयारी आहे, तेवढेच ठेवा. ‘मला जागतिक राजकारणात रस आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘एखाद्या देशाला अण्वस्त्रं बाळगू न देण्याचा अधिकार इतर देशांना कशाच्या आधारावर मिळतो?’ हा प्रश्न आहे.

२. फिजिक्स टाकून देऊ नका

विषय बदलताना बरेच जण आधीची पाच वर्षं पुसून टाकायला निघतात. तसं करू नका, कारण तुमचं वेगळेपण तिथेच आहे. युरेनियमचं उदाहरण घ्या. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये यू-२३५ सुमारे ०.७ टक्के असतं. बहुतेक वीज अणुभट्ट्यांना ते ३ ते ५ टक्के लागतं, शस्त्रासाठी ९० टक्क्यांच्या आसपास. इराणबरोबरच्या २०१५ च्या करारात मर्यादा ३.६७ टक्क्यांची आणि साठा ३०० किलोचा होता. वर्तमानपत्राच्या वाचकाला वाटतं, २० टक्के आणि ९० टक्के यांत केवढं अंतर आहे. तुम्हाला ठाऊक आहे की समस्थानिकं वेगळी करण्याचं बहुतेक काम सुरुवातीच्या टप्प्यातच खर्च होतं. २० टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्याने शस्त्राच्या दिशेचं सुमारे नऊ-दशांश काम उरकलेलं असतं. वाटाघाटी ३.६७ सारख्या लहानशा आकड्यावरून इतक्या का अडतात, हे या गणितातून कळतं.

पण गणित इथे थांबतं. अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९६८ साली सह्यांसाठी खुला झाला, १९७० पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ मध्ये अण्वस्त्रधारी देशाची व्याख्या आहे : १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्याने अण्वस्त्र किंवा अणुस्फोटक बनवून त्याचा स्फोट केला तो. भारताची पहिली चाचणी १८ मे १९७४ ची. म्हणजे १९९८ मध्ये पोखरणला आणखी चाचण्या झाल्या, तरी या व्याख्येत भारत कधीच बसणार नव्हता. त्याच कराराचं कलम ४ शांततामय वापराचा अधिकार सर्व सदस्यांना देतं, आणि सेंट्रिफ्यूज (यू-२३५ चं प्रमाण वाढवणारं यंत्र) तर वीज आणि शस्त्र, दोन्ही कामांना तोच. एका तारखेने हक्क ठरावेत का? नियम सगळ्यांवर सारखे नसतील तर ते पाळण्याचं बंधन कुठून येतं? इथून पुढे फक्त युक्तिवाद चालतो. ज्याला सेंट्रिफ्यूज आणि कलम ४ दोन्ही कळतात, अशी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत, आणि ती हवी आहेत.

३. फिजिक्सच्या या सवयी मात्र सोडा

पहिली सवय व्याख्येची. आपण वस्तुमान म्हणजे काय हे एकदा ठरवलं की पुढे निघतो. राजकीय तत्त्वज्ञानात ‘स्वातंत्र्य’ किंवा ‘न्याय’ यांची व्याख्या हाच वादाचा मुद्दा असतो. व्याख्या लिहून पुढे गेलात की परीक्षक विचारतो, हीच का?

दुसरी सवय उपमेची. ‘सत्तासंतुलन’ वाचलं की डोक्यात तराजू आणि समतोलाची समीकरणं येतात. देशांच्या बाबतीत ढळलेल्या स्थितीला परत जागेवर आणणारं बल असेलच असं नाही, आणि देश तुमचा सिद्धान्त वाचून आपलं वागणं बदलू शकतात. कणांना तशी सोय नाही. शब्दही फसवतात : तुमच्या पाठ्यपुस्तकातली ‘शक्ती’ वॉटमध्ये मोजली जाते, राज्यशास्त्रातली ‘सत्ता’ मोजायची कशी यावरच ग्रंथ आहेत. ‘राज्य’ म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र आठवतो, म्हणून त्या अर्थासाठी ‘राज्यसंस्था’ लिहायची सवय लावा.

तिसरी, एका उदाहरणाने सिद्धान्त खोडायची घाई. इथे प्रयोग पुन्हा करता येत नाही. त्यामुळे दोन-तीन घटना शेजारी ठेवून, त्यांतलं काय सारखं होतं आणि काय वेगळं, हे धीराने तपासावं लागतं.

४. पहिला सराव कांद्याच्या निर्यातबंदीवर करा

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मुदत आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती पुढे वाढवली गेली. दरम्यान सरकारी परवानगीने, सहकारी निर्यात संस्थेमार्फत, बांगलादेशाला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा देण्याचं ठरलं. मे २०२४ च्या सुरुवातीला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून.

आता कागद काढून तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त घटना आणि तारखा, त्याही विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनांमधून. बातमीत ‘बंदी उठली’ एवढंच येतं, अटी मूळ अधिसूचनेत असतात. दुसऱ्या रकान्यात प्रत्येकाचं हित : निफाडचा उत्पादक, मुंबईचा ग्राहक, लासलगावचा व्यापारी, ढाक्यातली गृहिणी, निवडणुकीला सामोरं जाणारं सरकार. तिसऱ्यात तत्त्वाचे प्रश्न : ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून उत्पादकाने किती सोसावं? शेजाऱ्याला दिलेला शब्द घरच्या भावापुढे किती टिकावा? सगळ्यांसाठी बंदी आणि काही देशांना सूट, ही मैत्री की पक्षपात?

सरावात बहुतेकांचा दुसरा आणि तिसरा रकाना एकमेकांत मिसळतो. ‘शेतकऱ्याचं नुकसान झालं’ हे दुसऱ्या रकान्यातलं विधान आहे. ‘म्हणून निर्णय चूक होता’ हे तिसऱ्यातलं. मधला दुवा तुम्हाला लिहून दाखवावा लागतो, आणि तो लिहिता येणं हेच या विषयाचं कौशल्य. असे पाच-सहा सराव झाले की पुस्तकं वेगळ्या नजरेने वाचता येतात.

५. वाचनाचा क्रम

सुरुवात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञापासून करा. फिजिक्सवाल्याला तो जवळचा वाटतो, कारण १६३६ साली तो गॅलिलिओला भेटला होता आणि गतीच्या नियमांपासून माणसापर्यंत, माणसापासून राज्यसंस्थेपर्यंत मांडणी करू पाहत होता. त्याची मांडणी कुठे कच्ची पडते हे शोधताना तुमच्याच सवयी तपासून होतात. मग लॉक, रूसो, मिल, मार्क्स आणि विसाव्या शतकातले रॉल्स. याच्या बरोबरीने, नंतर नव्हे, कौटिल्य, फुले, गांधी आणि आंबेडकर. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण पहिल्याच महिन्यात वाचा. समितीच्या चर्चा इंटरनेटवर विनामूल्य आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात.

वेग कमी ठेवा. मूळ ग्रंथाची एका बैठकीत दहा-बारा पानं पुरे. परिच्छेद संपला की त्याचा मुद्दा मराठीत एका ओळीत लिहा. मराठीत लिहिता आला नाही, तर तो समजलेला नसतो. संज्ञा अडली की आधी मराठी विश्वकोश, मग स्टॅनफर्ड विद्यापीठाचा तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन कोश. दोन्ही विनामूल्य.

शोधनिबंधांसाठी जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर मोफत वैयक्तिक खातं उघडलं की महिन्याला शंभर निबंध ऑनलाइन वाचता येतात. शांत बसायला आणि जुन्या मराठी ग्रंथांसाठी नाशिकचं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. जे तिथे नाही त्यासाठी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात महिन्यातून एक दिवस ठरवून जा, पण शीर्षकांची यादी घरी करून मगच गाडी पकडा. नाहीतर निम्मा दिवस कॅटलॉगमध्येच जातो.

६. दर आठवड्याला ८०० शब्द

विज्ञानाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण लेखनाची असते. तीन वर्षं सिद्धता आणि आकृत्या काढल्यावर सलग गद्य लिहायची सवय मोडते. दर रविवारी ८०० शब्दांचा एक निबंध लिहा. पहिल्या परिच्छेदात तुमचं म्हणणं एका वाक्यात, मग त्याची कारणं, मग त्याच्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप, आणि शेवटी त्या आक्षेपाला उत्तर. आक्षेप दुबळा निवडलात तर सगळा निबंध पडतो. विरोधकाने वाचून ‘हो, माझं म्हणणं हेच’ असं म्हणावं, इतक्या प्रामाणिकपणे तो लिहा. कला शाखेतल्या कुणाला तरी वाचायला द्या, फिजिक्सच्या मित्राला नको. तो तुमच्याच गाळलेल्या पायऱ्या मनात भरून वाचतो.

७. एम.ए. कुठून

पीएचडीच्या आणि प्राध्यापकीच्या वाटेवर राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध किंवा तत्त्वज्ञान यांतलं एम.ए. जवळजवळ अटळ आहे.

जेएनयू आणि इतर केंद्रीय विद्यापीठं : प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून. जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. परीक्षेत ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात. इथला मोठा सापळा असा की परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं मुलं समजतात. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. ती चुकली तर उत्तम गुण असूनही वर्ष जातं. दुसरा सापळा पेपर कोडचा : ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याच्या माहितीपुस्तिकेतला कोड बघून मगच पेपर निवडा.

पुणे विद्यापीठ : मुख्य आवारात राज्यशास्त्राचा विभाग आहे आणि संरक्षण व सामरिकशास्त्राचाही. आठवड्याच्या शेवटी घरी येता येतं, ही गोष्ट लहान नाही. नाशिकमध्येच राहायचं असेल तर संलग्न कला महाविद्यालयांत एम.ए. राज्यशास्त्र करता येतं. तिथे परराष्ट्र धोरणाचे पेपर मोजके असतात, ती उणीव वाचनाने भरून काढावी लागते.

दूरशिक्षण : नोकरी किंवा एमएस्सी चालू असेल तर हा मार्ग सर्वांत व्यवहार्य. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठाचं एम.ए. राज्यशास्त्र कोणत्याही पदवीधराला खुलं आहे, जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात, आणि सगळं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. प्रवेश न घेताही त्यातला राजकीय सिद्धान्ताचा पहिला पेपर वाचून पाहा, विषय झेपतो का ते कळेल. अर्जाआधी एबीसी (श्रेयांक खात्याचा) आणि डीईबी (दूरशिक्षण विभागाचा) असे दोन्ही क्रमांक काढावे लागतात. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि अर्ज यांतलं नाव अक्षरशः सारखं नसेल तर गाडी इथेच अडते. स्वाध्याय मुदतीत दिले नाहीत तर नुसती परीक्षा देऊन विषय सुटत नाही. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठीतून शिकायचं असेल तर गंगापूर धरणाजवळच्या आपल्या मुक्त विद्यापीठाची यंदाची माहितीपुस्तिका पाहा. ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे, ते यशवंतराव चव्हाण १९६३ साली संरक्षणमंत्री असताना नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले होते आणि पुढे परराष्ट्रमंत्रीही झाले.

८. कागदपत्रं

हे सगळं मार्चच्या आत एका फाइलमध्ये आणि स्कॅन करून ठेवा :

– दहावी, बारावीच्या गुणपत्रिका. पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पुन्हा बसलेल्या पेपरांसकट
– पदवी प्रमाणपत्र, किंवा ते हातात येईपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र
– श्रेणीचे टक्के करण्याचं सूत्र असलेलं विद्यापीठाचं पत्र
– महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचं प्रमाणपत्र)
– शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
– लागू असल्यास जात, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस दाखला

शेवटच्या ओळीवर सर्वाधिक अर्ज अडकतात. राज्याच्या नमुन्यातला ओबीसी दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. ‘आपले सरकार’वर किंवा सेतू केंद्रात अर्ज करतानाच केंद्र शासनाचा नमुना हवा, असं स्पष्ट सांगा. तो इंग्रजी किंवा हिंदीत असावा, प्रवेशाच्या वेळी चालू असलेल्या आर्थिक वर्षातला असावा, म्हणून हा एक दाखला मार्चनंतर काढावा लागू शकतो. तुमची जात राज्याच्या यादीत असूनही केंद्राच्या यादीत नसू शकते, हे आधी तपासा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणही केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. मायग्रेशन मात्र घाईने काढू नका. पुणे विद्यापीठातच पुढे शिकायचं असेल तर त्याची गरज नसते.

९. नेट, सेट आणि एक मोठा गैरसमज

एमएस्सी फिजिक्सच्या जोरावर राज्यशास्त्राची नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) काढली की प्राध्यापक होता येईल, असं अनेकांना वाटतं. नेमणुकीच्या जाहिरातीत संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवीच ५५ टक्क्यांसह मागितलेली असते, राखीव प्रवर्गाला ५० टक्के. म्हणून आधी एम.ए., मग नेट. नव्या चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर मात्र वेगळ्या विषयात नेट देऊन थेट पीएचडीकडे जाता येतं.

नेट वर्षातून दोनदा होते. दोन पेपर, १०० आणि २०० गुणांचे, सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. पहिल्या पेपरातल्या तर्क आणि आकडेवारीच्या प्रश्नांत तुम्ही कला शाखेच्या मुलांपेक्षा पुढे असता, तो फायदा घ्या. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट ३० वर्षांची आहे, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. विषय बदलण्यात दोन-तीन वर्षं जातात, म्हणून हा हिशेब आजच मांडा. जेआरएफ मिळाल्यास सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. फक्त पीएचडीसाठी पात्र ठरलात तर तो निकाल एक वर्षच चालतो, आणि प्रवेशात नेटचे गुण ७० टक्के, मुलाखत ३० टक्के धरली जाते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट, म्हणजे राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा, पुणे विद्यापीठ घेतं. तिला वयोमर्यादा नाही.

१०. पीएचडीचा आराखडा आणि मार्गदर्शक

इथे तुमचं फिजिक्स पुन्हा कामी येतं. अणुऊर्जा, अवकाश, निर्यात नियंत्रणं, हवामान : या क्षेत्रांत तांत्रिक बाजू समजणारा संशोधक मार्गदर्शकांना हवा असतो. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेसारख्या ठिकाणी विज्ञानाचे लोक सामरिक विषयांवर काम करतात. दिल्लीतली मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्था आणि मुंबईतलं गेटवे हाउस यांचे अहवाल वाचत राहा, इंटर्नशिपच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येतात.

आराखड्याचा विषय किती अरुंद हवा? ‘भारताचं अवकाश धोरण’ चालणार नाही. २७ मार्च २०१९ ची उपग्रहविरोधी चाचणी सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर केली गेली, अवशेष काही आठवड्यांत खाली येतील असं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. काही तुकडे वर फेकले गेले आणि जास्त काळ टिकले. त्या उंचीची निवड हा संयमाचा पुरावा मानता येईल का, आणि सर्वांच्या मालकीच्या कक्षेत कचरा करण्याची जबाबदारी कोणत्या तत्त्वावर वाटायची? हा विषय चालेल. त्यात वातावरणाच्या घर्षणाचं गणित आहे, १९६७ चा बाह्य अवकाश करार आहे आणि न्यायाचा प्रश्नही आहे.

मार्गदर्शकाला पहिलं पत्र दहा ओळींपेक्षा मोठं नको. प्रश्न एका वाक्यात, त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातल्या कोणत्या मुद्द्याशी तुमचा प्रश्न जोडलेला आहे ते दोन वाक्यांत, सोबत आराखडा दोन पानांचा आणि तुमचा सर्वांत चांगला निबंध. गुणपत्रिका त्यांनी मागितल्यावर. एकाच मजकुराची वीस पत्रं वीस जणांना पाठवू नका, विभाग लहान असतात आणि लोक एकमेकांशी बोलतात. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, आणि तोवर पुढच्या रविवारचा निबंध लिहून ठेवा.